उतरला की पाहुणा

आमच्या खापरदऱ्यात या पावसाळ्यापासून जे काही चाललंय, त्यावर एक नीट अहवाल लिहायचा असं मी कितीदा तरी ठरवलं. दोन ओळी होतात, तिसऱ्या ओळीला मला हसू फुटतं आणि अहवाल तिथंच राहतो. किस्से साठत जातात ते असेच. एक सांगायला घ्यावा, तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो, आणि दुसऱ्याला सांगत असताना शेजारच्या अंगणातून तिसरा ओरडतो, "आगं, माझा राहिला की!"

त्यातून माझी तयारी सगळी उलटीच होती. अंबाजोगाईत बारावी, बंगळुरूला पदवी आणि मग ऑस्ट्रियातल्या एका डोंगरातल्या गावात दोन वर्षं पर्यटनाचं शिक्षण. त्या गावात घरोघरी पर्यटक राहायचे. मी ज्यांच्याकडे राहायचे त्या बाईंनी एकदा न्याहारीला मी दुसरं अंडं मागितलं, तर बिलात त्या अंड्याची वेगळी ओळ टाकली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागानं नाही हो, भरून आलं म्हणून! कारण त्या गावातला एकही माणूस पोटासाठी गाव सोडत नव्हता. मला वाटलं, हेच! हे अंडं आपल्या गावात न्यायचं!

पाटोद्याहून, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाहून, वर डोंगराकडे आलं की आमचं खापरदरा. गावाच्या खाली दरी आणि दरीत धबधबा, त्याला आम्ही नुसतं 'धार' म्हणतो. पावसाळ्यात धार बघायला पुण्या-नगरकडून गाड्या येतात, फोटो काढतात आणि परत जातात. आणि दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला पश्चिमेकडे जातं. घरांना कुलपं लागतात. माझं म्हणणं साधं होतं. गाडीतून येणारे लोक आपल्या घरात राहिले, आपल्याकडे जेवले, तर कुलूप लावायची वेळ येणार नाही.

मला वाटलं होतं, गाव घाबरेल. 'परक्या माणसाला घरात कसं घ्यायचं?' असं विचारेल. मनं वळवायची कशी, यावर मी बंगळुरूच्या एका मित्राबरोबर मोठं सादरीकरण तयार केलं होतं.

ते उघडावंही लागलं नाही. परक्या माणसाला घरात घ्यायला गावातला एकही माणूस नाही म्हणाला नाही.

तीच तर सगळी अडचण होती!

*

पहिली तयार झाली ती आमच्या शेजारची चंदाकाकू. ती आणि दत्तूकाका लग्न झाल्यापासून दरवर्षी ट्रकात बसतात. तिनं मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं.

"रुतू, रामभाऊ मुकादमाला मी जबान दिलीय, औंदाबी येते म्हनून. उचल घेतली न्हाई आजून. दिवाळीपर्यंत तुझं बघते. जमलं तर राहते. न्हाई जमलं तर ट्रकात बसते. जबान म्हनजी जबान."

मुकादम म्हणजे तोडणीसाठी माणसं गोळा करून कारखान्यावर नेणारा. तो पावसाळ्यातच आगाऊ पैसे देऊन माणसं बांधून ठेवतो. ती उचल. एकदा ती घेतली की सुटका नाही, म्हणून काकूनं तिला हात लावला नव्हता. म्हणजे माझ्याकडे दिवाळीपर्यंत वेळ होता आणि काकूच्या मागं बचत गटातल्या बाकीच्या बायाही उचल न घेता वाट बघत होत्या. काकू राहिली तर त्या राहणार.

समाजमंदिरात प्रशिक्षण ठेवलं. प्रमुख पाहुण्याशिवाय आमच्याकडे कार्यक्रम होत नाही, म्हणून सरपंच बप्पांना बसवलं. मी पहिला प्रश्न टाकला.

"पाहुणा दारात आला. पहिलं काय विचाराल?"

सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या, "कोन्या गावचे?"

"बरं. दुसरं?"

"आडनाव काय?"

"आणि तिसरं?"

"तुमच्या आईचं माहेर कोनतं?"

मी समजावलं, की शहरातल्या लोकांना असले प्रश्न आवडत नाहीत, आपण व्यवसाय करतोय, चौकशी नाही. काकूला पटेना.

"मंग बोलायचं काय त्यांच्याशी? मुक्यानं ताट सरकवायचं व्हय, गुरापुढं वैरण टाकल्यावानी?"

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गाव विचारायचं नाही.' सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांनी मान डोलावली. शेवटी बप्पांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"पोरी, इचारायचं न्हाई, कबूल. पन त्येच सांगायले तर कान झाकायचे का?"

*

पहिले पाहुणे आले सायली आणि अमेय. पुण्याचे नवरा-बायको, दोघंही कॉम्प्युटरवाले. मी जाहिरातीत लिहिलं होतं, 'चुलीवरची बाजरीची भाकरी, ठेचा, येसराची आमटी.' संध्याकाळी बघते, तर काकूच्या ओसरीवर पनीर, पुऱ्या, गुलाबजाम आणि बाटलीबंद पाणी!

"काकू, भाकरी कुठंय?"

"पाहुन्याला भाकरी? गावात तोंड दाखवू का नको मी?"

मग मी तिला चुलीपाशी बसून अर्थशास्त्र सांगितलं. पर्यटकामागं आलेला पैसा गावात फिरला पाहिजे. पनीर पाटोद्याचं, गुलाबजाम पाटोद्याचे, पाण्याच्या बाटल्या पाटोद्याच्या, अगदी त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यासुद्धा पाटोद्याहून भाड्यानं आणलेल्या. मग आपल्याकडे राहतं काय? मी चांगली रंगात आले होते. काकूनं सगळं ऐकून घेतलं.

"पाटोदेवाले खूश आसतील मंग!"

जेवण झालं आणि पाहुणे दिसेनात. बॅटरी घेऊन शोधलं. गोठ्याच्या बाजूला दत्तूकाका आपलं रोजचं जेवण जेवत बसले होते, भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा. त्यांच्या दोन बाजूंना अमेय आणि सायली मांडी घालून बसलेले, आणि तिघांचे हात एकाच ताटात!

काकूनं कपाळावर हात मारून घेतला.

"आरं देवा! जावयाला उष्टं चारलं ह्या मानसानं!"

मी दचकले. जावई? संध्याकाळपर्यंत तर हे गेस्ट होते!

*

झालं होतं असं. काकूनं गाव विचारलंच नव्हतं. फळ्यावरचा नियम तिनं अक्षरशः पाळला होता. पण पुरी वाढून घेताना सायली आपण होऊन म्हणाली, "माझ्या आईचं माहेर इकडचंच. सिरसाळा."

काकूनं कान झाकले नाहीत.

सिरसाळ्यात काकूची मावशी दिलेली. गल्लीसुद्धा तीच निघाली. म्हणजे सायलीची आई काकूची मावसबहीण लागली, नात्यानं नाही तर गल्लीनं. म्हणजे सायली लेक. म्हणजे अमेय जावई. हे सगळं दुसरी पुरी पानात पडायच्या आत ठरलं.

सकाळी मी पोचले तेव्हा सायलीची ओटी भरणं चालू होतं. खण, नारळ, वर नवी साडी. अमेयच्या डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल. एका हातात फोन धरून तो बिचारा विचारत होता, "पैसे कोणत्या नंबरवर पाठवू?" दुसऱ्या हातात बाजरीचं पोतं होतं.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू, तुमच्याच खिशात शोभतेत."

गाडी गेल्यावर मी काकूवर चिडले. "काकू, पैसे?"

"लेकीकडनं घ्यायचे? मावशीला कळलं तर सिरसाळ्यात पाय ठेवता यील का मला?"

आठवड्यानं अमेयनं नेटवर अभिप्राय लिहिला. पाच चांदण्या दिल्या होत्या. खाली एकच सूचना होती, 'जाताना बॅगेत जागा ठेवा.'

*

बाकीच्या घरांतही तेच. नातं निघालं की पैसे गेले. आणि आमच्या गावात नातं निघायला फार वेळ लागत नाही. नागपूरचं एक कुटुंब आलं. मी खूश! एवढ्या लांब कुणाचं काय निघणार? न्याहारीच्या आत त्या गृहस्थांचे आणि यजमानांचे गुरू एकच निघाले. गुरुबंधूकडून पैसे कोण घेणार?

मग कोलकात्याचा एक फोटोग्राफर आला. मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्याला. मी मुद्दाम त्याला काकूकडे ठेवलं. दोन दिवस दोघं फक्त हातवारे करत होते. मी मनात म्हटलं, आता बघू कसं नातं निघतं!

तो गेल्यावर काकू डोळे पुसत होती.

"पैसे, काकू?"

"लेकरू एवढ्या लांबून एकलं आलं. हितं त्येचं कुनीसुदिक न्हाई. त्येच्याकडनं पैसे घिऊ?"

म्हणजे कुणी असलं तरी पैसे नाहीत, आणि कुणी नसलं तर मुळीच नाहीत!

*

बप्पांचं म्हणणं पडलं, की पर्यटन वाढत नाही कारण फलक नाही. मी त्यांना दरफलकाचा मजकूर दिला. एका रात्रीचे किती, जेवणाचे किती, सगळं सुटसुटीत. दरीच्या तोंडाशी, जिथून धार पहिल्यांदा दिसते, तिथं मी तो छोटासा फलक रंगवून घेतला.

चौथ्या दिवशी त्याच्यापुढं बप्पांचा फ्लेक्स उभा राहिला. दोन माणसं उंच. वर 'पर्यटकांचे सहर्ष स्वागत', मध्ये बप्पा हात जोडून, आणि खाली ओळीनं त्यांचे सगळे कार्यकर्ते, एकेकाचा चेहरा गोल चौकटीत. माझा दरफलक मागं गेला. धारसुद्धा मागं गेली.

दुपारी नगरच्या एक म्हाताऱ्या बाई गाडीतून उतरल्या. फ्लेक्सपुढं उभ्या राहून त्यांनी ते सगळे चेहरे एकेक करून बघितले, मग खालची दरी बघितली, चपला काढल्या आणि हात जोडले. मला हळूच विचारलं,

"बाई गं! एवढे सगळे इथूनच पडले का?"

बप्पांनी संध्याकाळी फ्लेक्स काढला. स्वतःच्या हातानं!

*

आमच्याकडे तोडणीवर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम विचारतो, "तुमच्या वाडीतनं किती कोयते येनार?" म्हणजे किती जोड्या.

एका सकाळी काकूच्या अंगणात नाशिकचं एक तरुण जोडपं व्यायाम करत होतं. दोघंही सडसडीत. गुडघे न वाकवता जमिनीला हात टेकवायचे, उठायचे, पुन्हा वाकायचे. रामभाऊ मुकादम मोटारसायकलवरून चालला होता. तो थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"वैनी, ह्यो नवा कोयता कुठला?"

काकू काही बोलायच्या आत तो अंगणात शिरला. "काय सुरेख वाकायलेत हो दोघंबी! आसा कोयता लई सालात बघितला न्हाई." आणि थेट त्यांनाच म्हणाला, "बुक झालाव का तुमी?"

"हो," नवरा हसून म्हणाला, "दोन दिवसांसाठी."

"दोन दिवस? मी पाच महिन्याचं देतो! आन् पैसे आगूदर हातात!"

ते जोडपं माझ्याकडे आलं. बायको अगदी भारावली होती.

"ताई, तुमचं मॉडेल जबरदस्त आहे हं! इथं राहायचे पाहुण्यालाच पैसे देता?"

आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो. काकूही हसली. मग भांडी गोळा करता करता, कुणाकडे न बघता म्हणाली, "मलाबी पयल्या वर्साला आसंच म्हनला व्हता. काय सुरेख वाकायली म्हनून."

आणि उठून न्हाणीपाशी भांडी घासायला गेली.

*

गावात पर्यटनातून पैसे मिळवणारा एकच माणूस होता, हरिभाऊ. वळणावर त्यांचं रान. त्यांनी रस्त्याला दोरी आडवी बांधली होती. गाडी आली की दोरी, पैसे दिले की दोरी खाली. ना प्रशिक्षण, ना फळा! मी त्यांना गुरू करायचं ठरवलं.

"हरिभाऊ, तुम्हाला कसं जमतं? तुम्हाला नाती निघत नाहीत?"

हरिभाऊंनी तंबाखू मळत मला त्यांचं सगळं शास्त्र सांगितलं.

"गाडीत बसलेला मानूस पाहुना नसतोय, बाई. त्यो गिऱ्हाईक. पाय भुईला लागला की पाहुना. उतरला की खेळ खलास! म्हनून मी कुनाला उतरूच देत न्हाई."

मला एकदम उजेड दिसला! पुढच्या शनिवारी मी स्वतः दोरीपाशी उभी राहिले आणि मुक्कामाच्या पाहुण्यांकडून गाडीतच पैसे घेतले. संध्याकाळी ते काकूच्या हातात ठेवले. काकूनं ते मुकाट्यानं घेतले. मला वाटलं, जिंकले!

सोमवारी पुण्याहून त्या पाहुण्यांचा फोन. "मॅडम, आमचं काही चुकलं का? बाजरीच्या पिशवीत आमचे पैसे परत आलेत. वर हळदीकुंकू लावून!"

मी ग्रामसभेत उभी राहिले आणि पोटतिडकीनं बोलले. गावाला पर्यटनातून मिळालं काय, याचा विचार करा म्हटलं. बप्पांनी तिथल्या तिथं विचार केला.

"गावाला पाहुने मिळाले. पैसे पाटोद्याला मिळाले. दोघंबी खूश हायेत. तूच तेवढी कावून रडायलीस?"

*

आता शेवटचा. हा सांगताना माझा आवाज जरा वेगळा होतो, तर समजून घ्या.

दसरा झाला, धार बारीक झाली, गाड्या कमी झाल्या. काकूनं कोयत्याला धार लावून आणली. घरामागं ज्वारी नुकती उगवली होती. दरवर्षी ती हुरड्याला येते तेव्हा काकू दुसऱ्याच्या उसात असते, आणि तिच्या रानातली कणसं बघायला राखणदाराशिवाय कुणी नसतं. मी म्हटलं, "काकू, अजून थोडे दिवस..."

"दिवाळीपर्यंत म्हनले व्हते, माय. तू लई पळलीस. पन जबान म्हनजी जबान."

ट्रक आला तो नेमका भाऊबीजेला. दुपारीच. काकूच्या दारापुढं उभा. वाडीतली माणसं जमलेली, काही चढलेली, काहींची गाठोडी खाली. बचत गटातल्या बाया आपापल्या दारात उभ्या राहून काकूकडे बघत होत्या. काकूचं गाठोडं वर गेलं होतं. तिचा सख्खा भाऊ आधीच्याच ट्रकानं गेला होता, त्यामुळं भाऊबीजेचं ताट ओसरीवर तसंच होतं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. ते तिच्यानं आवरवत नव्हतं.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. सायली! नवरा, सख्खा भाऊ आणि ऑफिसातले दोन मित्र. मामाकडे सिरसाळ्याला भाऊबीजेला निघाले होते. "काकू, माहेरावरून पुढं कशी जाऊ?" म्हणत ती फराळाचा डबा घेऊन उतरली आणि ट्रक बघून थांबली.

काकूनं तीन पाट मांडले. सायलीचा भाऊ आणि दोन मित्र डोक्यावर रुमाल टाकून बसले. काकूनं कुंकू लावलं, ओवाळलं. तिघांनी खिशात हात घालून ताटात नोटा टाकल्या. मी डोळे मिटले. आता ती परत देणार.

उघडले, तर नोटा काकूच्या कमरेला खोचल्या होत्या!

"काकू! पैसे घेतलेत तुम्ही!"

"पैसे कुठले? ओवाळनी हाय ती. भावाची ओवाळनी परत करतंय व्हय कुनी?"

मी तिथंच पायरीवर बसले. चार महिने! चार महिने मी फळा, फलक, दोरी करत होते!

त्यातला एक मित्र मागच्या रानाकडे बघत म्हणाला, "काकू, ही ज्वारी जानेवारीत हुरड्याला येईल ना? ऑफिसातले सगळे येऊ का? चांगली तीस माणसं आहेत. गावभर घरं लागतील."

काकूनं ज्वारी बघितली. मग ट्रक बघितला. "जानेवारीत मी न्हाई, बाबा."

"कुठं असाल?"

ट्रकाच्या केबिनमधून मुकादमानं हॉर्न दाबायला लावला. "वैनी, आटपा! अंधारायच्या आत घाट वलांडायचाय!"

काकूनं निरांजनात तेल घातलं.

"मुकादम, खाली उतरा."

"कावून?"

"सनासुदीचं दारात आलाव. भाऊबीज हाय. पाटावर बसा."

गर्दीत हरिभाऊ होते. ते जिवाच्या आकांतानं ओरडले, "मुकादम! उतरू नका!"

पण भाऊबीजेचं ताट समोर धरल्यावर कोण बसून राहील? मुकादम उतरला. टोपी नीट केली, पाटावर बसला. काकूनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सावकाश ओवाळलं. मुकादमानं बंडीत हात घालून मोठी नोट काढली. सगळं गाव बघत होतं, म्हणून जरा वर धरून दाखवली.

काकूनं ताटावर तळहात आडवा धरला.

"पैसे नकोत."

"मंग काय पायजे, आक्का?"

"माझी जबान परत द्या."

मुकादमाची नोट हातातच राहिली. कपाळावर ओलं कुंकू, त्याला चिकटलेल्या अक्षता. त्यानं दत्तूकाकांकडे बघितलं, बप्पांकडे बघितलं. बप्पा आभाळाकडे बघत होते.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "आसं व्हतं तर आगूदर बोलायचं की!"

"आगूदर तुमी गाडीत व्हताव."

मुकादम उठला. ट्रकाच्या फाळक्यावर पाय ठेवून त्यानं काकूचं गाठोडं स्वतः खाली ओढलं आणि दत्तूकाकांच्या अंगावर टाकलं. "घे दत्त्या, तुझं बिऱ्हाड!" मग हात झटकून केबिनकडे वळला.

आणि थबकला. वाडीतल्या दारादारातून बाया बाहेर येत होत्या. बचत गटातल्या सगळ्या. एकीच्या हातात ताट, एकीच्या हातात परात, एकीकडे निरांजन नव्हतं तर तिनं वाटीत वात लावून आणली होती.

मुकादम उडी मारून केबिनमध्ये चढला, धाडकन दार ओढलं आणि ड्रायव्हरवर ओरडला,

"चल बे, चल! काच वर घे आगूदर!"

ट्रक सुटला. पण पुढच्या वळणावर हरिभाऊंची दोरी आडवी होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, दरीवरचा दरफलक पुसून कोरा केला आणि पहिल्या जीपनं पाटोद्याला भांड्यांच्या दुकानात गेले. पितळी ताटं मागितली, आमच्या गटात जेवढ्या बाया आहेत तेवढी. आणि तेवढीच निरांजनं.

दुकानदारानं कागदात ताटं गुंडाळता गुंडाळता विचारलं, "लगीन हाय का घरी, ताई?"

"नाही," मी म्हटलं. "पर्यटन."